मूळ प्रत

१७ नोव्हेंबर, सोमवार

आले बाई एकदाची. येलदरीहून जिंतूर, जिंतूरहून परभणी, परभणीहून ताडकळस. तीन बस, एक गादी, दोन पिशव्या आणि बाबांनी बळंच दिलेला सुकटीचा डबा. डब्याच्या वासानं शेजारी कुणी बसलं नाही, त्यामुळं खिडकीही मिळाली आणि ऐसपैस सीटही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणीला बाया वाकलेल्या. मन लय हलकं झालं.

खोली धुरपताबाईंच्या घराच्या मागच्या अंगाला. वर पत्रे आहेत, पण भिंती पक्क्या आणि नळ दाराशीच. धुरपताबाई साठीच्या पुढच्या. पाच शेळ्या आणि आठ वर्षांची नात रुपाली, एवढाच त्यांचा संसार. मुलगा भागवत चार वर्षांपूर्वी पूर्णा रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेला. सून दुसरं लग्न करून चुडाव्याला असते. हे सगळं त्यांनी चहा उकळायच्या आतच सांगून टाकलं आणि मग म्हणाल्या, "बाकीचं मागून बोलू. आधी जेवती का?" भाकरी, वांगं आणि माझी सुकट. रुपालीनं सुकट दोनदा मागून घेतली.

परवापासून कामावर. सव्विसाव्या वर्षी का होईना, संघप्रियाबाई नोकरीला लागल्या!

१९ नोव्हेंबर, बुधवार

काम आवडलं. कंपनीचं नाव 'ठेव'. लोकांच्या घरात लग्नाबारशाच्या जुन्या कॅसेटी, सीड्या पडलेल्या असतात, पण त्या चालवायचं यंत्र कुणाकडंच उरलेलं नाही. लोक त्या आम्हाला आणून देतात. मी त्या कॉम्प्युटरवर उतरवायच्या आणि 'ठेव'च्या ॲपवर चढवायच्या. मग ज्यानं त्यानं मोबाइलवर आपापलं लग्न बघावं. महिन्याचा प्लॅन घ्यावा लागतो, एवढंच.

दुकान बाजार रस्त्यावर, एका बंद पडलेल्या व्हिडिओ पार्लरच्या जागेत. पुढं काउंटर, मधे माझं टेबल, मागं पत्र्याची एक खोली. साहेब भुजंगराव. पांढराशुभ्र शर्ट, आणि बोलणं इतकं गोड की ऐकणाऱ्याला मुंग्या लागाव्यात. सारखे रुमालाला हात पुसत असतात.

कॅसेटींना बुरशी लागते हे मला माहीत नव्हतं. झाकण उघडलं की आत पांढरे बारीक केस उगवल्यासारखे दिसतात. ते स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचे. बोळा तपकिरी, चिकट होतो आणि वास येतो तो ओल्या चपलेत नासलेलं दूध सांडल्यासारखा. घरी आल्यावर तीनदा हात धुतले, तरी भाकरीला तोच वास.

एक गोष्ट खटकली. उतरवून झालं की मूळ कॅसेट परत देत नाहीत. मागच्या खोलीत मिरची कांडपासारखं यंत्र आहे. त्यात तिचा भुगा होतो आणि भुगा निळ्या टिपाडात पडतो. असं का, म्हणून विचारलं तर भुजंगराव म्हणाले, एका वस्तूला दोन मालक शोभत नाहीत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

धुरपताबाईंनीही भागवतच्या लग्नाची सीडी सहा महिन्यांपूर्वी 'ठेव'मध्ये दिलेली आहे. दिवेलागणीला आजी आणि नात ओट्यावर बसून ते लग्न बघतात. आज मलाही बोलावलं. अंतरपाट धरलेला, भटजींचा सूर लागलेला, आता अक्षता पडणार, तेवढ्यात संडास धुवायच्या औषधाची जाहिरात. पिवळं पडलेलं भांडं, त्यात फेस आणि वर हसणारी बाई. ती संपली तर दुसरी. मला शिसारी आली. आजी पदर तोंडाला लावून निमूट थांबल्या होत्या. म्हणाल्या, "सवय झाली माय. घाण सरली की मग माझा भागवत येतो."

आला. हळदीनं माखलेला, घामेजलेला, कॅमेऱ्यामागं उभ्या असलेल्या आईला म्हणतो, "आये, इकडं बघ की." सगळ्या लग्नात त्याचं हे एकच वाक्य ऐकू येतं. रुपाली ते त्याच्याबरोबरच म्हणते. पोरगी म्हणजे बापाची नक्कल आहे. तसंच रुंद कपाळ, तशीच मधे जुळलेली भुवई.

मला बाबांचा सिनेमा आठवला. त्यांच्या आवडीचा एक जुना सिनेमा मी एका ॲपवर घेतला होता. दोन दिवसांपुरता नाही, कायमचा विकत. दिवाळीत लावायला गेले तर 'हे शीर्षक आता उपलब्ध नाही'. बाबा म्हणाले, मग आपण विकत घेतलं ते काय?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज आईला ठेवलं.

मी सात वर्षांची असताना ती गेली. तिचा धड फोटोसुद्धा नाही. सुगतमामाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये मात्र ती आहे, मोजून चाळीस सेकंद. पंगतीत बुंदी वाढते, कुणाच्या तरी बोलण्यावर मान मागं टाकून हसते आणि बाजूला वळून ओरडते, "संघू, पडशील गं!" ती संघू मी. कॅमेऱ्यात माझा फक्त फ्रॉक आलाय.

कामावरच्या लोकांना 'ठेव' फुकट आहे. आधी मी हळूच पेनड्राइव्हवर एक प्रत काढून बघितली. प्रत निघते, पण 'ठेव'शिवाय दुसऱ्या कशातच उघडत नाही. अटी लय लांब होत्या. खाली 'मान्य' असं हिरवं बटण. दाबलं. नियम म्हणजे नियम, म्हणून कॅसेट मी माझ्याच हातानं यंत्रात टाकली. कुत्र्यानं हाड फोडावं तसा आवाज आला.

पण मोबाइलवर आई हसली. मी सोळा वेळा हसवली तिला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवसभर काउंटरवर भांडणं. चाळीसेक लग्नं एका रात्रीत मुकी झाली आहेत. कारण काय, तर वरातीत बँडनं वाजवलेली गाणी दुसऱ्या कंपनीच्या मालकीची आहेत. तक्रार आली आणि 'ठेव'नं सगळा आवाजच काढून टाकला. बँडचाही आणि माणसांचाही. एक जण काउंटरवर हात आपटून ओरडला, "लग्न माझं, बायको माझी, बँड मी बोलावलेला, मग आवाज कुणाच्या बापाचा?" भुजंगरावांनी त्याला पाणी दिलं आणि हात पुसले.

भागवतचंही लग्न मुकं झालंय. संध्याकाळी त्याचे ओठ हलले, आवाज नाही. रुपालीनंही नुसतेच ओठ हलवले. मी म्हटलं, असं काय करतेस, म्हण की. तर तिला आठवेचना. मी सांगितलं, "आये, इकडं बघ की." दोघी माझ्याकडं परक्या गावच्या बाईकडं बघावं तसं बघत राहिल्या.

मग धुरपताबाईंनी विचारलं, "का गं माय, त्याचा आवाज कसा व्हता? जाड व्हता का बारीक?"

तीस वर्षं जिनं तो ऐकला, ती मला विचारायली. आणि शब्द मला पाठ आहेत, पण आवाज मलाही आठवत नाही. सहा दिवसांपूर्वी ऐकलेला आवाज.

१ डिसेंबर, सोमवार

भागवतचं लग्न ॲपवरून गेलं. 'हक्काच्या वादामुळे हा व्हिडिओ काढून घेण्यात आला आहे.' मी भुजंगरावांना विनवलं, मूळ फाइल तरी द्या. ते म्हणाले, काढून घेतलं म्हणजे काढून घेतलं, आपल्याकडंही नाही.

घरी आले तर धुरपताबाई भिंतीवरचा भागवतचा फोटो काढून पदरानं पुसत होत्या. हार तसाच, शर्टाची बटणं तशीच, काचही कोरडी. काचेच्या आत, बरोबर चेहऱ्याच्या जागी, पांढरी लव. बाकी कुठंच नाही. मी चौकट उघडली. तोच वास. नासलेलं दूध, ओली चप्पल. बोटानं पुसलं तर लव निघाली आणि तिच्याबरोबर चेहराही बोटाला आला, सायीसारखा. मला मोरीवर जाऊन ओकावं लागलं.

धुरपताबाई रडल्या नाहीत. कुणासाठी रडायचं ते त्यांना कळत नव्हतं.

३ डिसेंबर, बुधवार

रुपालीच्या कपाळावर पांढरा चट्टा आलाय. सकाळी मला वाटलं, पीठ लागलंय. दुपारपर्यंत दोन्ही भुवयांवर पसरला. दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं, बुरशी म्हणाले, मलम दिलं. मलम लावताना माझं बोट थांबलं. लव पुसली की खाली कपाळ गुळगुळीत. भुवई नाही. भुवई नुसती झडलेली नाही, ती कधी नव्हतीच असं कपाळ.

वास तोच. लेकराच्या तोंडाला तो वास.

दुकानात बसून पहिल्यांदा अटी वाचल्या. एकोणीस पानं. चौदाव्या पानावर आहे: 'मूळ प्रत आणि तिच्या सर्व नकला, त्या कुठेही व कोणत्याही रूपात असोत, ठेवच्या मालकीच्या राहतील. काढून घेताना सर्व नकला काढून घेतल्या जातील.'

कुठेही. कोणत्याही रूपात.

फोटो ही नक्कल. धुरपताबाईंच्या मनातला त्याचा आवाज ही नक्कल. आणि ही पोरगी. तिला बघून मीच लिहिलंय ना, बापाची नक्कल म्हणून?

भुजंगरावांना ते पान दाखवलं. त्यांनी ना म्हटलं नाही. हात पुसत म्हणाले, सही त्यांचीच आहे ना?

४ डिसेंबर, गुरुवार

आईचं गेलं. सुगतमामाच्या लग्नातही बँड होता.

बाबांना फोन लावला. म्हटलं, बाबा, आईचं एक काहीतरी सांगा, काहीही. ते म्हणाले, "कुणाच्या आईचं गं?"

बाबा नेहमी म्हणायचे, संघू, तू आईची सहीसही नक्कल.

मी आरसा उलटा करून ठेवला आहे.

६ डिसेंबर, शनिवार

पांढरी साडी नेसून विहारात गेले. मेणबत्ती लावली, वंदना म्हणायला तोंड उघडलं तर ओठ आतून चिकटलेले. सुटताना साल निघाल्यासारखं झालं. शेजारची बाई सरकून बसली. वासानं. आज डबा नव्हता माझ्याकडं.

हनुवटीवर लव आहे. कानशिलावर आहे. पुसत नाही. पुसलं तर खाली काय नसेल, ते बघायचं नाही मला.

रुपालीचं नाक सपाट होत चाललंय. शाळेतल्या पोरी तिच्याजवळ बसत नाहीत. ती मला विचारते, ताई, मी घाण झाले का?

७ डिसेंबर, रविवार

भुजंगराव परभणीला गेलेत. चावी माझ्याकडं. भर दुपारी मागची खोली उघडली. ठरवलं होतं, सीडीचा भुगा होत नाही, तुकडे पडतात, ते तरी शोधायचे. मूळ तेच ना.

टिपाडाचं झाकण गरम होतं.

आत भुगा नाही. पांढरा गोळा, आंबलेल्या कणकेसारखा फुगलेला. वर दुधासारखी साय. सायीला केस. मी काठीनं साय फाडली तर आत ओठ. एक नाही. ओठांना ओठ चिकटलेले, सगळे हलत होते. सगळ्या मुक्या लग्नांचा आवाज तिथं होता, हळू, तोंडात पाणी धरून बोलावं तसा. मंगलाष्टकं. बँड. कुणीतरी नाव घेतंय. आणि त्यातच — आये, इकडं बघ की.

हात घातला. कोपरापर्यंत. गोळा चोखत होता. बोटांवरून जिभा फिरल्यासारखं — ओकले, त्यातच ओकले, पण हात काढला नाही. सीडीचे तुकडे टणक लागतात. एक एक ओढून काढले. सात. मार्करची अक्षरं जुळली — 'चि. भागवत'.

मग ती हसली. खालून, तळातून. मी ते हसणं ओळखलं नाही, पण माझ्या अंगावर काटा आला, त्यावरून कळलं कोण ते. कॅसेटची फीत केसासारखी बारीक झालेली असते. ती सगळ्या गोळ्यात मिसळलीय. कुठली आई, कुठलं दुसऱ्या कुणाचं — निवडणार कसं? मूठ भरून आणली तर मुठीत किती जणांच्या आया —

झाकण लावलं. आई आत होती आणि मी झाकण लावलं.

८ डिसेंबर, सोमवार

तुकडे गरम पाण्यात राखेनं घासले. धुरपताबाईंना म्हटलं, उतारा आहे, विचारू नका. खरं सांगायला हवं होतं. बोलताना ओठ फाटत होते, म्हणून थोडक्यात आवरलं.

सातवा तुकडा चमकला तेव्हा रुपालीच्या कपाळावरची खपली ओल्या कागदासारखी गळून पडली. खाली भुवई. जुळलेली. नाक, गाल, सगळं. धुरपताबाईंनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि एकदम हंबरडा फोडला, "भागवतवानी दिसायली गं माय! माझ्या भागवतवानी!"

रडायला माणूस मिळालं त्यांना. मीही रडले. डावा डोळा उघडेना, उजव्यानं रडले.

९ डिसेंबर, मंगळवार

तोंड मिटलं. सकाळी उठले तेव्हा मिटलेलंच होतं. बोटानं चाचपलं — फट नाही.

दुपारी धुरपताबाई बाजारातून हसत आल्या. पोरीचं तोंड बरं झालं म्हणून तिचा व्हिडिओ काढायला गेल्या तर मोबाइल म्हणे, जागा संपली. बाजारात एक गाडी उभी होती. तिथल्या मुलीनं सगळं फुकटात ठेवून दिलं. रुपालीचे जन्मल्यापासूनचे फोटो, शाळेतला नाच, सगळं. मोबाइल कसा रिकामा झाला बघ. एक हिरवं बटण तेवढं दाबावं लागलं.

गाडीवर कुणाचं नाव होतं, ते त्यांना वाचता येत नाही.

मोबाइल ओढून घेतला. संदेश आलेला — 'आपली मूळ प्रत अद्याप जमा झालेली नाही. आमचा प्रतिनिधी घरी येऊन घेऊन जाईल.'

मोबाइलच्या व्हिडिओला कॅसेट नसते. सीडी नसते. मग मूळ म्हणजे —

नाकानं ओरडले. धुरपताबाई घाबरून मागं सरल्या. कागदावर लिहून दाखवलं. त्या नुसत्या बघत राहिल्या. कागदाकडं नाही, माझ्या तोंडाकडं. पदर नाकाला लावून.

१० डिसेंबर, बुधवार

आलाय. पांढरा शर्ट. बरोबर दोन माणसं. ओट्यावर बसलाय, हात पुसतोय. धुरपताबाईंनी चहा ठेवलाय.

रुपालीला ओढून माझ्या खोलीत आणलं. आतून कडी. ती आधी भ्यायली, आता खेळ वाटतोय तिला.

बाहेरून हाका — "अगं रुपे, दार काहून लावलं? साहेब आलेत. तुलाच बघायला आलेत."

तिचा हात कडीवर. मी धरते, ती सोडवून घेते. माझी बोटं एकमेकांना चिकटलीत, मुठीत पेन धरून —

तिसरीत आहे. वाचता येतं. एकेक अक्षर लावून वाचते. मोठी अक्षरं काढते, कडी काढू नको म्हणून. ती बघायलीय. मी काढते तसं मोठ्यानं वाचायलीय —

रुपाली

ताईचं ऐक

दार उघड—